आधी वही, मग थेंब : कोरड्या डोळ्यांची सात वर्षं

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर अनुस्वार, रफार आणि वेलांट्या बघणं हा माझा धंदा. त्यामुळे डोळे बिघडल्याची पहिली बातमी मला अनुस्वारांनीच दिली. दुपारी तीननंतर 'मांडी'ची 'माडी' दिसायला लागली. पापणी मिटून उघडली की अनुस्वार परत जागेवर. चार-पाच सेकंद गेले की पुन्हा गायब. चष्म्याचा नंबर वाढला असणार म्हणून दोनदा तपासून घेतला. नंबर होता तसाच होता.

तुमचंही असं होत असेल तर ही खूण आधी लक्षात घ्या : नंबर बदलल्यामुळे आलेली अंधुकी पापणी मिटून जात नाही. पापणीगणिक दिसणं सुधारत आणि बिघडत असेल, तर बहुतेक वेळा गडबड डोळ्यावरच्या पाण्याच्या थराची असते. उजेड डोळ्यात शिरताना सगळ्यात आधी त्या थरातून जातो. थर फाटला की अक्षरही फाटतं.

दुसरी खूण आणखी फसवी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. घरात सगळे म्हणायचे, 'एवढं पाणी येतंय आणि म्हणे कोरडे डोळे!' पण पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरला की डोळा घाबरून एकदम पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही, गालावरून ओघळून जातं. गळक्या हौदात घागर ओतावी तसं.

यानंतरची तीन वर्षं मी वाया घालवली. कशी, ते आधी सांगते. कोरडं वाटलं की थेंब आणायचे. आठ-दहा दिवसांत फरक नाही पडला की दुसरे थेंब. ज्यांना दाखवलं ते पहिले डॉक्टर म्हणाले, 'स्क्रीन कमी करा.' ते खोटं नव्हतं, पण माझ्या पोटावरच पाय. टेबलाच्या खणात सात अर्ध्या बाटल्या जमल्या तेव्हा मला कळलं की मी उत्तरं बदलत बसले होते. माझा कोरडेपणा नेमका कुठला, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पाणी कमी की तेल कमी?

डोळ्यावरच्या थरात मुख्यतः तीन गोष्टी असतात. अश्रुग्रंथीतून येणारं पाणी, ते पाणी बुबुळाला धरून ठेवणारा चिकट श्लेष्मा, आणि वरून तेलाचा अतिपातळ तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. हाइनरिश मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. प्रत्येक मिटण्याबरोबर त्यांतून किंचित तेल बाहेर येतं आणि पाण्याला उडू देत नाही.

म्हणजे कोरडेपणाचे ढोबळ प्रकार दोन : पाणीच कमी तयार होतं, किंवा पाणी पुरेसं आहे पण तेल बिघडल्यामुळे ते लवकर उडून जातं. दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि पुष्कळांत दोन्हींची सरमिसळ असते. त्याच्या जोडीला दाह असतो. कोरडेपणामुळे दाह आणि दाहामुळे आणखी कोरडेपणा, असं ते चक्र फिरत राहतं.

हे ओळखायच्या तपासण्या साध्या आहेत. त्यांची नावं लिहून न्या आणि मागून घ्या. फ्लुरोसीन नावाचा पिवळसर रंग घालून, पापणी उघडी ठेवून थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर थर अस्थिर. त्याच रंगाने बुबुळावर सुकून खरवडल्यासारखे झालेले ठिपके दिसतात. शिर्मर तपासणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते मोजतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे पाणी खरंच आटलंय. पट्टीने डोळा चाळवतो, म्हणून ती तपासणी शेवटी केलेली बरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पापणीची कड दाबून तेल कसं येतं ते बघणं. निरोगी तेल पातळ आणि स्वच्छ असतं.

चौथ्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी हे सगळं केलं. माझी पट्टी १४ मिलिमीटर भिजली. थर मात्र उजव्या डोळ्यात चार सेकंदांत फाटला, डाव्यात तीन. पापणी दाबल्यावर जे बाहेर आलं ते टूथपेस्टसारखं होतं, आणि काही ग्रंथींतून तर काहीच आलं नाही. पाणी माझ्याकडे भरपूर होतं. आणि मी तीन वर्षं वरून पाणीच ओतत होते!

वही

थेंबांच्या आधी एक वही घ्या. मी प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांची शिवली. रोज एक ओळ : पहिली चुरचुर किती वाजता, थेंब किती वेळा, स्क्रीन किती तास, झोप कशी, कुठल्या गोळ्या घेतल्या, आणि त्रासाला दहापैकी गुण. महिन्यातून एकदा ओएसडीआय ही बारा प्रश्नांची प्रश्नावली भरायची. तिचे शून्य ते शंभर असे गुण निघतात आणि डॉक्टरांना ते ओळखीचे असतात. 'जरा बरं वाटतंय' असं सांगण्यापेक्षा '४६ वरून ३१' असं सांगितलं की बोलणं पुढे सरकतं.

वहीने मला दोन गोष्टी दाखवल्या, ज्या एरवी कधीच कळल्या नसत्या. एक, सर्दीची गोळी घेतलेल्या दिवसांत माझे गुण दुप्पट व्हायचे. सर्दी-ॲलर्जीवरची अँटिहिस्टामिन औषधं डोळ्यांचं पाणी कमी करू शकतात. काही नैराश्यावरची औषधं आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइनही कोरडेपणा वाढवतात. यातलं काही चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. लिहून दिलेल्या डॉक्टरांना पर्याय विचारा. दोन, ठरावीक वारी त्रास जास्त. त्या दिवशी मी दुसऱ्या टेबलावर बसायचे आणि तिथे पंख्याचा झोत थेट तोंडावर यायचा. खुर्ची हातभर सरकवली. फुकटात झालेला हा इलाज मला अजून खुपतो, कारण तो पहिल्याच आठवड्यात सुचायला हवा होता.

वेळही लिहाच. सकाळी उठतानाच डोळे खरखरत असतील तर रात्री काहीतरी बिनसतंय : झोपेत पापण्या अर्धवट उघड्या राहतात, पंखा तोंडावर असतो, किंवा श्वासाच्या मशीनच्या मास्कमधून हवा डोळ्यांत जाते. घरातल्या कुणाला तरी झोपेत तुमच्या पापण्या बघायला सांगा. दिवस चढेल तसं बिघडत असेल तर स्क्रीन आणि बाष्पीभवनाकडे बघा.

शेक, नीट

तेलाचा प्रकार असेल तर उपचाराचा पाया म्हणजे गरम शेक. आणि तो जवळजवळ सगळेच चुकीचा घेतात. मीही घेत होते. टॉवेल गरम पाण्यात बुडवला, पिळला, डोळ्यांवर ठेवला, दहा मिनिटं पडून राहिले. त्यातली पहिली दोन मिनिटंच काय ती उपयोगाची, कारण ओला टॉवेल तेवढ्यात निवतो. घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला पापणीपाशी साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब सलग काही मिनिटं लागते. टॉवेलच वापरायचा तर दोन घ्या आणि दर दोन मिनिटांनी बदला. मी शेवटी ऊब धरून ठेवणारी मण्यांची पट्टी घेतली. डोळ्यांवर ठेवण्याआधी ती मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. तिथे चटका बसला तर पापणीला नक्कीच बसेल.

आठ ते दहा मिनिटं शेक झाला की लगेच, तेल पातळ आहे तोवर, पापणी निपटायची. डोळे मिटून वरची पापणी बोटाने हलकेच वरून खाली, खालची खालून वर. म्हणजे दोन्हीकडून कडेच्या दिशेने. पाच-सहा वेळा पुरे. दाब पापणीवर हवा, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. शेकानंतर डोळे चोळणं तर सक्त मना, कारण दाबाने बुबुळाचा आकार बिघडू शकतो. नंतर काही मिनिटं धूसर दिसतं, तेव्हा शेक घेऊन लगेच गाडी चालवायला बसू नका.

मग कड पुसायची. पापण्यांसाठी मिळणारा फेस किंवा पुसण्या वापरा. मिटलेल्या पापणीच्या केसांच्या मुळाशी आडवं पुसा. केसांच्या मुळाशी नळीसारखी पांढुरकी खपली दिसत असेल तर ती डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याची खूण असते आणि तिचा उपचार वेगळा आहे. टी-ट्री तेलाचं नाव या संदर्भात कानावर येईल. निव्वळ तेल डोळ्यांच्या आसपासही नेऊ नका, बुबुळ भाजतं.

आता कंटाळवाणा भाग : हे रोज करायचं. पहिला महिना वहीत काहीच हललं नाही. सहाव्या आठवड्यात पहिली चुरचुर अकराऐवजी एकला सुरू झाली. मी ती ओळ दोनदा अधोरेखित केली. मध्ये दहा दिवस प्रवासात शेक बुडाला आणि सगळं होतं तिथे परतलं, तेव्हा शेकाबद्दलची उरलीसुरली शंकाही फिटली.

थेंब

थेंब निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. ते ओलावा देतात, घर्षण कमी करतात. फक्त ते कशासाठी घालतो ते माहीत हवं. कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट हे मुख्यतः ओलावा धरणारे. तेलाचा अंश असलेले दुधाळ थेंब वेगळे मिळतात; माझ्यासारख्यांना ते जास्त मानवतात. दाट जेल जास्त वेळ टिकतं पण दिसणं धूसर करतं. मलम फक्त झोपताना.

बाटलीवर पहिली बघायची गोष्ट म्हणजे परिरक्षक, म्हणजे थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले थेंब दिवसातून चार-सहा वेळांहून जास्त घातले तर तोच पदार्थ बुबुळाचा पृष्ठभाग दुखावतो. वारंवार लागत असतील तर परिरक्षकविरहित घ्या.

घालताना एकच थेंब. डोळ्यात मावतं त्याहून एक थेंबच मोठा असतो, दुसरा सरळ गालावर जातो. खालची पापणी ओढून, बाटलीचं टोक कशालाही न लावता थेंब सोडा आणि मिनिटभर डोळे मिटा. मिटा म्हणजे मिटा, मिचकावू नका. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्या. मलम सगळ्यात शेवटी. आणि चुरचुर सुरू झाल्यावर धावण्यापेक्षा कामाला बसण्याआधी घाला.

लालसरपणा घालवणारे थेंब मात्र लांब ठेवा. ते रक्तवाहिन्या आकसवतात. असर उतरला की लाली दुप्पट होऊन परत येते. कोरडेपणाचं मूळ तिथेच राहतं.

माझी सगळ्यात मोठी चूक याच खणातली. दाह उतरवायला डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी स्टेरॉइडचे थेंब दिले होते. तिसऱ्या दिवसापासून डोळे लोण्यासारखे. मुदत संपली, बाटली उरली, आणि मी 'आज जरा जास्त खुपतंय' म्हणत ती तीन महिने पुरवली. पुढच्या तपासणीत डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. वेळेत सापडलं म्हणून उतरला. असाच चालू राहिला असता तर काचबिंदूची वाट. शिवाय लांबलेल्या स्टेरॉइडने मोतीबिंदूही होतो. थोड्या दिवसांचं स्टेरॉइड हे चांगलं औषध आहे. उरलेली बाटली मुदत संपली की त्याच दिवशी टाकून द्यायची.

पुढची पायरी, आणि पैसे मोजण्याआधी विचारायचं काय

शेक, स्वच्छता, थेंब हे दोन-तीन महिने नेमाने करूनही भागलं नाही, तर दाह आटोक्यात ठेवणारी लांब पल्ल्याची औषधं येतात. सायक्लोस्पोरिन हे त्यातलं जुनं. अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. ते घातल्यावर चांगलंच झोंबतं आणि परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पुष्कळ जण तिसऱ्या आठवड्यात 'आग होते, उपयोग नाही' म्हणून सोडतात. मला आधी कुणी हे सांगितलं नसतं तर मीही सोडलंच असतं. लिफिटेग्रास्ट २०१६ मध्ये आलं. त्याने काहींच्या तोंडाची चव विचित्र होते. २०२३ मध्ये पाण्याचा अंशही नसलेले परफ्लुरोहेक्झिलऑक्टेनचे थेंब तिथे मान्य झाले. ते थरावर पसरून बाष्पीभवन रोखतात.

पाणी खरंच कमी असेल तर पापणीच्या आतल्या कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या भोकात इवलंसं बूच बसवतात. कल्पना झकास आहे, पण दाह असताना बूच बसवलं तर दाहाचं पाणीच तुंबून राहतं, म्हणून आधी दाह उतरवतात. आजार तीव्र असेल तर रुग्णाच्याच रक्तातल्या सीरमचे थेंब बनवतात किंवा पाण्याचा साठा धरणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स देतात. तेलाच्या प्रकारासाठी ग्रंथी यंत्राने तापवून पिळणं आणि प्रकाशाचे झोत देणारी आयपीएल पद्धत आहे. हे उपचार महाग असतात आणि काही काळाने पुन्हा करावे लागू शकतात. मी आयपीएल घेतलं, फायदा झाला, पण शेक सुटला नाही. घेण्याआधी ग्रंथींची छायाचित्रं काढून मागा. वाळून नाहीशा झालेल्या ग्रंथीला यंत्राने तेल फुटेल या आशेवर पैसे घालवू नका.

ओमेगा-३ च्या कॅप्सूल मी वर्षभर घेतल्या. २०१८ मध्ये ड्रीम नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यात ५३५ जणांपैकी काहींना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ दिलं होतं आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. मी कॅप्सूल बंद केल्या. वहीत फरक पडला नाही.

एक नियम मात्र पाळा : एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी बरोबर सुरू केल्या तर बरं कशाने वाटलं ते कळत नाही, आणि मग दोन्ही जन्मभर चालू ठेवाव्या लागतात.

काम करताना

माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे बघताना हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि मिटणं अर्धवट होतं. पापणी खालपर्यंत पोचतच नाही. मुलीने माझा काम करतानाचा व्हिडिओ काढला तेव्हा मी थक्क झाले. मी मासळीसारखी टक लावून बसले होते. आता प्रत्येक पानाच्या शेवटी मी डोळे पूर्ण मिटते, दोन आकडे मोजते, हलकेच दाबून उघडते. असं पाच वेळा. घड्याळाचा गजर लावून जमलं नाही. पानाला बांधलं तेव्हा जमलं. तुमच्या कामातही असा टप्पा शोधा : ईमेल पाठवल्यावर, फोन ठेवल्यावर, सिग्नल लागल्यावर.

स्क्रीन डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि तेवढं बाष्पीभवन कमी. खोलीतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली गेली तर हवा ओलसर करायचं बघा. बाहेर वाऱ्यात बाजूने बंद असलेला चष्मा घाला. मी त्यात वेल्डरसारखी दिसते, दिसू दे.

कधी थांबायचं नाही

तीव्र दुखणं, उजेड सहन न होणं, पापणी मिटूनही न जाणारी अंधुकी, बुबुळावर पांढरा ठिपका, घट्ट पिवळा स्राव : यातलं काहीही झालं तर वही, थेंब, शेक सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. काँटॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती आधी काढा.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, कमालीचा थकवा असेल, तर शोग्रेन सिंड्रोमची तपासणी करून घ्या. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते.

आणि ज्यांना कुणी खरं मानत नाही त्यांच्यासाठी : तपासणीत डोळा जवळपास स्वच्छ आणि वेदना मात्र भयंकर, असंही होतं. बुबुळातल्या नसाच बिघडलेल्या असू शकतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत नसांच्या संवेदनेतला बिघाड कोरड्या डोळ्यांच्या कारणांमध्ये धरलाय. बधिर करणारा थेंब घातल्यावरही वेदना तशीच राहिली तर ती पृष्ठभागाची नाही असा संशय घेतात आणि उपचाराची दिशाच बदलते. 'सगळं नॉर्मल आहे' असं ऐकून घरी आला असाल तर हा प्रश्न घेऊन पुन्हा जा, हवं तर दुसरीकडे.

जाताना वहीतलं एक पान काढून न्या. मी त्यावर चारच गोष्टी लिहिते : गेल्या तीन महिन्यांचे गुण, चालू असलेली सगळी औषधं (डोळ्यांची नसलेलीही), काय किती आठवडे करून बघितलं, आणि एक प्रश्न. गेल्या वेळी माझा थर सात सेकंद टिकला होता. तपासणीच्या आधी दोन तास कुठलेही थेंब घालत नाही आणि त्या सकाळी शेकही घेत नाही, नाहीतर सेकंदांची मोजणी खोटी येते.